आत्याबाईंच्या पापण्या आणि माझं मागणं

आमच्या गल्लीत लाल डोळ्याला कोणी आजार म्हणत नसे. गांधीबागेच्या मागे आमच्या दोन खोल्या होत्या, आणि त्या भागात ज्याचे डोळे पांढरेशुभ्र तो माणूस काही कामधंदा करत नाही, असं खुशाल समजावं. दिवसभर कापडाच्या गाठी फुटायच्या, तागे उलगडायचे, नव्या कापडाची खळ हवेत उडायची, आणि मुनीम, हमाल, गिऱ्हाईक सगळे डोळे चोळत फिरायचे. "काहून गा, डोळे लाल?" "खळ गेली." संपला विषय. त्यावर चहा मागवला जायचा.

माझ्या सासूबाईंचं पोट त्याच खळीवर चालायचं. आमच्याकडे सासूला आत्याबाई म्हणतात, तशी मीही म्हणायचे. गांधीबागेतल्या दोन दुकानांतून साड्यांचे गठ्ठे घरी यायचे आणि आत्याबाई खिडकीशी पाट टाकून त्यांना फॉल लावायच्या. सासरे लवकर गेलेले. एकुलत्या एका पोराला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, त्यांनी त्या सुईवर वाढवलं, शिकवलं आणि कोराडीच्या वीजघरात चिकटवलं. टाका असा बारीक की साडीच्या सुलट्या बाजूने शोधून सापडू नये. आणि सुईत दोरा स्वतः ओवायचा, ही त्यांची एक मिजास होती. साठीला टेकल्या होत्या, डाव्या डोळ्यात लहानपणी देवीने फूल पडलेलं, त्या डोळ्याने त्यांना उजेड-अंधार तेवढा कळे. सगळा कारभार उजव्या डोळ्यावर. एक दांडी दोऱ्याने बांधलेला चष्मा नाकावर चढवायच्या, दोऱ्याचं टोक जिभेला लावायच्या आणि एका फटक्यात ओवायच्या. मी कधी "आणा, मी ओवून देते" म्हटलं तर माझ्याकडे असं बघायच्या, जणू मी त्यांना घास भरवायला निघाले होते.

मी तेव्हा बावीस वर्षांची, बी.ए. झालेली आणि स्वतःला फार शहाणी समजणारी. आत्याबाई चौथीपर्यंत शिकलेल्या आणि मला पक्की बह्याड समजणाऱ्या. ह्यातलं खरं कोणाचं निघालं, ते पुढे येईलच.

लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत आत्याबाईंच्या उजव्या डोळ्याच्या वरच्या पापणीवर एक गाठ आली. ज्वारीच्या दाण्याएवढी. दुखत नव्हती. रांजणवाडी म्हणून कोणी फारसं लक्ष दिलं नाही. शेजारच्या काकूंनी लवंग उगाळून लावायला सांगितली, समोरच्या वहिनींनी तळहातावर बोट घासून गरम गरम टेकवायला सांगितलं. आत्याबाईंनी दोन्ही केलं, कारण फुकटचा उपाय सोडून देणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. गाठ जागची हलली नाही. मग गल्लीच्या तोंडाशी बसणाऱ्या डॉक्टरांनी पापणी उलटी करून ती कापली, खरवडली, पट्टी बांधली. महिनाभराने पुन्हा त्याच जागी आली. पुन्हा खरवडली. पुन्हा आली. तिसऱ्या वेळी डॉक्टर म्हणाले, "आता राहू द्या. जुनाट सूज आहे तुमच्या डोळ्याला. कापडाचं काम आहे, असंच चालायचं. मलम लावा, शेक द्या." माणूस भला होता. आमच्या गल्लीत रोज पन्नास लाल डोळे बघून त्याच्याही डोक्यात खळच बसली होती.

"जुनाट सूज" हा शब्द आत्याबाईंना आवडला. सांगायला भारदस्त वाटायचा. आलेल्या-गेलेल्याला त्या कौतुकाने सांगायच्या, "मले जुनाट हाये. डॉक्टरनं नाव देल्लं तिले."

पण ती सूज आली कुठून, ह्यावर आमच्या घरात रोज संध्याकाळी खटला चालायचा. माझा नवरा कोराडीहून बसने यायचा तो राखेत घोळून यायचा. शर्टाच्या शिवणीत राख, कानात राख, डब्याच्या झाकणात राख.

"तुह्या शर्टाची राख जाते माह्या डोळ्यात," आत्याबाई म्हणायच्या. "झटकत काहून नाई गा बाहीर?"

"आई, राख गेली असती तर माझे डोळे नसते का सुजले? तुझी खळच आहे ती."

"खळ तं मी तीस वर्सापासून खाऊन राहिली. तेव्हा नाई झालं काही. तुही कोराडी सुरू झाली अन् झालं."

मी चुलीपाशी बसून दोघांचं ऐकत असे. बी.ए. झालेल्या माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही की खळ असो की राख, ती उजवा-डावा असं बघून जात नाही. जायचीच तर दोन्ही डोळ्यांत जाईल. इतकी साधी गोष्ट. पण ज्या घरात कारणं भरपूर असतात तिथे विचार करायची गरज कोणाला वाटत नाही.

आता पापण्यांची गोष्ट सांगते, कारण माझी खरी लबाडी तिथे आहे.

पापणीचा केस गळून गालावर पडला की तो उचलायचा, मुठीच्या पाठीवर ठेवायचा, डोळे मिटून मनात काहीतरी मागायचं आणि फुंकर मारायची. केस उडाला तर मागितलेलं मिळतं. हे लहानपणी सगळ्यांनीच केलं असेल. आत्याबाईंनी त्यात स्वतःचा एक कायदा घातला होता, की ज्याची पापणी पडली त्याने स्वतः मागायचं नाही, दुसऱ्याला द्यायचं. "आपलंच देऊन आपणच मांगाचं, हे काय मांगनं झालं?" म्हणायच्या. आणि दुसरं माणूस म्हणजे दिवसभर घरात मीच.

पहिला केस त्यांनी मला संक्रांतीच्या दिवशी दिला. मी तीळ भाजत होते. चिमटीत धरून आणला आणि माझी मूठ स्वतः वळवून तिच्यावर ठेवला. "घे वं. माग."

"काय मागू?"

"आता तुले सांगा लागते काय? माग नातू."

मी डोळे मिटले आणि टायपिंगच्या परीक्षेत पास होऊ दे म्हणून मागितलं. फू केलं. केस उडाला. आत्याबाईंनी समाधानाने माझ्या डोक्यावरून हात फिरवला, आणि मी पुढचा अख्खा दिवस त्यांच्याशी फार गोड वागले, म्हणजे माझ्या मनाला काहीतरी टोचत असणार.

त्यानंतर केस वरचेवर पडू लागले. होळीच्या आसपास दोन. एकावर मी कूलर मागितला, खसची ताटी लावलेला, कारण नागपूरचा मे महिना त्या पत्र्याच्या खोलीत काढणं म्हणजे काय ते तिथे राहिलेल्यालाच कळेल. दुसऱ्यावर सीताबर्डीच्या एका दुकानात काचेआड टांगलेली मोरपंखी साडी. मग उन्हाळ्यात तीन. त्यातलं एक मागणं तर हे होतं की शेजारच्या काकूंनी आमची पाटा-वरवंट्याची जोडी परत करावी. आत्याबाई प्रत्येक वेळी विचारायच्या, "मांगतलं?" मी म्हणायचे, "हो, मागितलं." त्या समजायच्या नातू. मी काही खोटं बोलत नव्हते, फक्त पुरतं खरं सांगत नव्हते. लग्न होऊन वर्ष झालं तेव्हा त्या काकूंना म्हणाल्या, "एवढ्या पापन्या खर्ची घातल्या माह्या, अन् देवाच्या घरून जबाब नाई. पोट्टीची फुंकरच कमजोर हाये." काकू माझ्याकडे बघून हसल्या. मीही हसले. निर्लज्जासारखी.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत निघते, गावाची रोगराई घेऊन जाणारा बाईचा मोठा पुतळा. आमच्या गल्लीच्या तोंडावरून ती मिरवणूक जायची, आणि "रोगराई घेऊन जा गे मारबत" म्हणून ओरडायला सगळा मोहल्ला रस्त्यावर यायचा. आत्याबाई पदराने डोळा टिपत ओट्यावर उभ्या राहिल्या आणि सगळ्यांपेक्षा मोठ्याने ओरडल्या, "डोयाची जुनाट सूज घेऊन जा गे मारबत!" लोक वळून हसले. "लय दिवसाची हाये, पुरून उरन तुले," असंही त्यांनी मारबतीला सांगून टाकलं. घरात आल्यावर पदराला दोन केस चिकटलेले निघाले. त्यांनी ते दोन्ही मला दिले.

त्या दिवशी आमचं सकाळी वाजलं होतं. पुरणात जायफळ किती घालायचं ह्यावरून. मी चिडलेली होते. त्या दोन्ही केसांवर मी एकच मागितलं, की ह्यांना कोराडीच्या कॉलनीत क्वार्टर मिळू दे आणि आम्ही दोघं इथून जाऊ दे. आम्ही दोघं. तिघं नाही. दोन्ही केस उडाले, एका फुंकरीत. आत्याबाई म्हणाल्या, "पाह्य! आता जुळे होतात का काय तं!"

ही माझी लबाडी. लिहिताना अजूनही कान गरम होतात.

दिवाळी पुन्हा आली. गाठीला वर्ष झालं. एव्हाना पापणी जाड, लाल आणि कडेला पिवळसर झाली होती, डोळा सतत पाणावलेला असायचा, पण सकाळ-संध्याकाळ बघून बघून आम्हाला तो आत्याबाईंचा चेहराच वाटायला लागला होता. माझा टायपिंगच्या परीक्षेचा निकाल त्या आठवड्यात लागायचा होता. आधीच्या खेपेला नापास झाले होते, तेव्हा पहिली पापणी फुकटच गेली होती म्हणा. ह्या खेपेला पक्कं काम करावं म्हणून मी दुपारी त्यांच्याजवळ जाऊन बसले.

"आत्याबाई, एखादी पापणी आहे का हो?"

"पाह्य तूच," त्या म्हणाल्या आणि चष्मा कपाळावर सरकवून, सुई हातातच धरून, चेहरा खिडकीकडे केला. "असंन तं घे काढून."

मी बघितलं. गालावर नव्हता केस. मग पापणीवर बघितलं. वरच्या पापणीच्या मधोमध, जिथे गाठ होती तिथे, एकही केस उरला नव्हता. माझ्या अंगठ्याच्या नखाएवढी जागा तळहातासारखी साफ. कडेला इकडे दोन, तिकडे चार. मी डावा डोळा बघितला. फूल पडलेला, निकामी डोळा, पण पापण्या दाट, काळ्या, नव्या नवरीसारख्या.

"काय वं? हाये का?"

"संपल्या," मी म्हणाले.

आत्याबाई हसल्या. "संपनारच. देत होती मी सढळ हातानं."

मला हसू आलं नाही. वर्षभर मी त्या केसांची वाट बघत होते, एक पडला की मनात खूश व्हायचे. आणि सगळेच्या सगळे एकाच डोळ्याचे, एकाच जागेचे होते, हे माझ्या बी.ए.च्या डोक्यात त्या दुपारी शिरलं.

नवरा म्हणाला, "डॉक्टरांनी सांगितलंय ना जुनाट सूज. सुजेने गळतात केस." आत्याबाई म्हणाल्या, "मोठ्या दवाखान्यात गेलं का ते लोक नसलेलं काढतात." मी आयुष्यात पहिल्यांदा सासूशी सरळ भांडले. म्हटलं, उद्या सकाळी चलायचं म्हणजे चलायचं, नाही तर मी फॉलचा दोरा लपवून ठेवीन. ही धमकी लागू पडली.

मोठ्या सरकारी दवाखान्यात डोळ्याच्या विभागात एक वयस्क डॉक्टरीणबाई होत्या. पांढरे केस, आवाज बारीक, हात मात्र घट्ट. त्यांनी आत्याबाईंची पापणी उलटी केली, बोटांनी चाचपली, कानापुढे आणि जबड्याखाली दाबून बघितलं. मग खुर्ची जवळ ओढली. एकाच डोळ्याला आहे का? गाठ दर वेळी त्याच जागी येते का? आत्याबाई दोन्हीला हो म्हणाल्या, आणि खळ, राख, लवंग ह्या सगळ्यांची हकीकत सांगायला लागल्या. बाईंनी ऐकून घेतली. मग विचारलं, "आणि केस कधीपासून गळतात?"

"गळत नाईत बाई. मी देते सुनेले."

"देता म्हणजे?"

आता मलाच तोंड उघडावं लागलं. मी मुठीचं सांगितलं, फुंकरीचं सांगितलं. मला वाटलं बाई रागावतील. त्यांनी पेन उघडलं. "म्हणजे तुम्हाला एकेक दिवस आठवत असेल. सांगा बरं. पहिला केव्हा?"

"संक्रांतीला."

"नक्की? कशावरून?"

"तीळ भाजत होते. आणि... टायपिंगची परीक्षा होती. तेच मागितलं होतं."

स्टुलावर बसलेल्या आत्याबाईंनी मान माझ्याकडे वळवली.

"पुढचा?"

"होळीच्या आधी. कूलर मागितला. मग होळीनंतर एक. साडी." सांगायला नको वाटत होतं. पण बाई लिहीत होत्या आणि मला मागण्या वगळून नुसते दिवस आठवत नव्हते, मागण्यांनाच दिवस बांधलेले होते. मी सगळं सांगितलं. पाटा-वरवंटासुद्धा. मारबतीपाशी मी अडखळले.

"त्या दिवशी किती?"

"दोन."

"काय मागितलंत? आठवतं म्हणजे दिवस पक्का, म्हणून विचारते."

"कोराडीला क्वार्टर," मी म्हणाले. "आम्हा दोघांना."

बाईंचं पेन क्षणभर थांबलं. मग त्यांनी तेही लिहिलं की नाही, मला दिसलं नाही. म्हणाल्या, "इतका चांगला इतिहास मला पेशंटकडून कधी मिळत नाही. दहा महिन्यांत एका जागेचे सगळे केस गेले. आजींना हे ऐकून त्रास झाला असेल, पण माझं काम सोपं झालंय." आणि तिथल्या तिथे पापणीचा लहानसा तुकडा काढून तपासायला पाठवला.

परतताना सायकल-रिक्षात आत्याबाई पट्टी बांधलेल्या, माझा दंड धरून बसलेल्या. दिसत तर काही नव्हतं. रिक्षा सीताबर्डीचा चढ उतरली. मला वाटलं आता रडतील, नाहीतर मला माहेरी धाडतील. शेवटी म्हणाल्या, "कॉटर पाह्यजे होतं तं तोंडानं सांगाचं. माहे केस कायले जाळले?"

"चुकलं, आत्याबाई."

"अन् नातू एकदाई नाई मांगतला?"

"नाही."

"एकदाई?"

"नाही हो."

"बम लबाड हायेस," त्या म्हणाल्या. मग पट्टी चाचपून, "साडी कोनती होती?"

"मोरपंखी."

"हं," म्हणाल्या. आवडली असावी.

तुकड्याचा निकाल आला तेव्हा बाईंनी आम्हा तिघांना समोर बसवलं. पापणीच्या आत तेलाच्या बारीक ग्रंथी असतात, त्यातल्या एकीत कॅन्सर होता. तो असाच येतो, म्हणाल्या, कधी रांजणवाडी वाटतो, कधी जुनाट सूज, आणि लोक वर्षानुवर्षं मलम लावत बसतात. म्हाताऱ्या माणसाला त्याच जागी पुन्हा पुन्हा गाठ येत असेल, एकच डोळा लाल असेल आणि केस गळत असतील, तर आधी तुकडा तपासायचा. गळ्यात गाठी लागल्या नाहीत, हे नशीब. पण आता थांबायचं नाही.

माझा नवरा शर्टाच्या बाहीला डोळे पुसत होता. आत्याबाईंनी एकच विचारलं, "सुई ओवता येईन का?"

"आजी, आधी जीव वाचवू."

"माहा जीव तेच हाये बाई. डावा डोया तं नावाचा. हा गेला का मी भिंत."

बाईंनी त्यांचा हात हातात घेतला. म्हणाल्या, बुबुळाला धक्का लागू देणार नाही असा प्रयत्न करते, पण कापताना रोग आतपर्यंत पोचलेला दिसला तर डोळाच काढावा लागेल, आणि ते मी तुम्हाला आधी सांगून ठेवते. वरच्या पापणीचा मोठा भाग जाईल. नुसती गाठ नाही, भोवतालची चांगली दिसणारी कडही काढावी लागेल. नवरा म्हणाला, "चांगली कशाला कापायची?" बाई समजवायला लागणार तेवढ्यात आत्याबाईच त्याच्यावर खेकसल्या. "सडलं कापड काढाले बसलं का चांगल्या सुतापर्यंत जाच लागते गा! नाई तं टाका धरत नाई. एवढं वाढवलं तुले अन् काही शिकला नाई!"

मग बाईंनी सांगितलं की खालच्या पापणीतून तुकडा वर ओढून वरच्या जागी शिवतील, सहा-सात आठवडे डोळा शिवलेलाच राहील, आणि तुकडा धरला की मधून कापून फट पाडतील. आत्याबाईंनी ते दोनदा विचारून घेतलं आणि मान डोलावली. "जोड द्याचा अन् मंग उसवाचा. जमंन तुमाले. हात चांगला हाये तुमचा."

मी मात्र त्या आठवड्यात एकदाही नीट जेवले नाही. देवासमोर बसले की काही मागायची हिंमत होत नव्हती. मागून मागून माझी पत संपली होती.

ऑपरेशन झालं. बाई बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "डोळा ठेवलाय. कडा साफ आहेत का, ते तपासणीत कळेल." दहा दिवसांनी कळलं की साफ आहेत. पण डोळा शिवलेला. ते सात आठवडे आत्याबाई आंधळ्या होत्या, आणि माझ्या सासूसारखी आंधळी बाई सगळ्या नागपुरात झाली नसेल. वरणाला हिंग कमी पडला हे त्यांना वासावरून कळे, मी केर काढताना कोपरा सोडला हे आवाजावरून. दुकानाच्या साड्या अडून राहू नयेत म्हणून फॉल मी लावायला घेतले. त्या बोटं फिरवून टाके तपासायच्या. "हा टाका होय का खिळा ठोकला वं?" उसवायला लावायच्या. सुई ओवायला लागले की कान टवकारून बसायच्या. मला तीन खेपा लागायच्या, कधी चार. त्या मोजायच्या. "चार," म्हणायच्या. "अन् दोन डोये हायेत तुले."

आणि त्याच सात आठवड्यांत, एका दुपारी, नवरा कागद घेऊन आला. क्वार्टर मंजूर झालं होतं.

मी तो कागद हातात घेतला आणि रडले. आनंदाने नाही. आत्याबाईंना वाटलं कोणी गेलं. त्यांना सांगितलं तेव्हा त्या गादीवर सरळ बसल्या.

"मी नाही जाणार," मी म्हणाले. "नको मला ते."

"नको कायले? माह्या दोन पापन्या गेल्या त्यात. आता भेटलेलं टाकतं का कोनी?"

"मी आम्हा दोघांसाठी मागितलं होतं, आत्याबाई. तुम्हाला सोडून. ते तसं नको मला."

नवऱ्याने जमिनीकडे बघितलं, त्याला हे दवाखान्यातलं कोणी सांगितलं नव्हतं. आत्याबाईंनी हवेत हात फिरवून माझं डोकं शोधलं आणि टपली मारली, चांगली लागेल अशी.

"मांगतलं तू, पन पापनी कोनाची? पयला हक्क माहा. मी तं चाललीच. तुले याचं असंन तं ये."

डोळा उघडला त्या दिवशी बाईंनी कात्री बाजूला ठेवून विचारलं, "काय दिसतं?" आत्याबाई म्हणाल्या, "धुकं हाये. धुक्यात एक बाई दिसून राहिली, पांढऱ्या केसाची." धुकं निवळेल का, हे बाई सांगू शकल्या नाहीत. दर तीन महिन्यांनी या, गळा दाखवा, म्हणाल्या.

पौष संपता संपता आम्ही तिघं कोराडीला गेलो. क्वार्टरच्या ओट्यावर रोज राखेचा थर, आणि कॉलनीत सगळ्यांचे डोळे लाल. आत्याबाईंनी दुसऱ्याच दिवशी शेजारणीची हनुवटी धरून विचारलं, "एक डोया का दोन्ही?" दोन्ही म्हटल्यावर तिला सोडलं. हे त्यांचं पुढे कायमचं झालं. लोक त्यांना बघून वाट बदलायचे.

सुई मात्र त्या हातात घेत नव्हत्या. गांधीबागेचा गठ्ठा नवरा बसने आणायचा, फॉल मीच लावायचे, त्या बोटांनी तपासायच्या. "ओवून बघता का?" मी विचारलं की "अजून धुकं हाये" म्हणायच्या. डोळा सुधारत होता, मला दिसत होतं. ताटातला खडा त्या आता बघून काढायच्या. पण सुई घेतली आणि जमलं नाही तर, ह्या भीतीने त्या हात लावत नव्हत्या. त्यांना भीती वाटू शकते, हे मला तोवर माहीत नव्हतं.

फाल्गुनातली एक दुपार. मी ओट्यावर साडी घेऊन बसले होते, त्या शेजारी. त्यांच्या गालावर मला एक केस दिसला. काळा, लांब, पापणीचा. माझ्या हातातली साडी खाली पडली. नव्या पापणीला केस नव्हतेच, येणारही नव्हते, म्हणजे हा डाव्याचा. मी त्यांचा चेहरा दोन्ही हातांत धरून उन्हाकडे वळवला. डावी पापणी बघितली, उलटी केली, चाचपली, जशी बाई चाचपायच्या तशी. गाठ नव्हती. लाली नव्हती. केस दाट होते, जिथल्या तिथे. एक गळला होता, जसा सगळ्यांचा गळतो.

"झालं पाहून?" आत्याबाई म्हणाल्या. मग गालावरचा केस स्वतः बोटाने टिपला, माझी मूठ वळवली आणि तिच्यावर ठेवला. "माग."

"नको हो."

"माग म्हन्ते ना."

मी डोळे मिटले. देवा, ह्या बाईच्या डोळ्यांना आता हात लावू नकोस, एवढंच म्हणाले. फुंकर मारली, पण वारा निघालाच नाही. केस मुठीवर तसाच. आत्याबाईंनी वाकून स्वतः फुंकर मारली आणि तो उडवून लावला.

"काय मांगतलं वं?"

"नातू," मी म्हणाले.

"खोटारडी," त्या म्हणाल्या. पदराने चष्मा पुसला, माझ्या मांडीवरची सुई उचलली, दोऱ्याचं टोक जिभेला लावलं आणि सुई उन्हात धरली. पहिल्या खेपेला दोरा बाजूने गेला. दुसऱ्या खेपेलाही. तिसऱ्या खेपेला दोरा आरपार गेला.

"तीन," त्या म्हणाल्या. "तुह्यापक्षा एक कमी. आन ती साडी इकडे."